सरांचा वाटा

वसतिगृहाच्या परसबागेतली माती मुलं प्रयोगशाळेत तपासत होती. एका मुलीची पट्टी तिन्ही वेळा लाल झाली.

"सर, मातीत शिसं आहे."

सरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कुंपणापलीकडे बॅटरीचा कारखाना होता, आणि ही प्रयोगशाळा त्याच्याच मालकांनी बांधून दिलेली.

"हात नीट धुतले नसशील," म्हणत सरांनी तिच्या वहीत फुली मारली आणि पुस्तकातलं उत्तर लिहायला लावलं.

संध्याकाळी स्वयंपाकीणबाई नेहमीसारखी बागेतल्या पालकाची जुडी सरांच्या घरी घेऊन आल्या.

"राहू द्या," सर दारातूनच म्हणाले. "आजपासून माझा वाटाही मुलांच्याच भाजीत घाला."



"मोठं मन आहे हो तुमच्या सरांचं," म्हणत बाईंनी त्या मुलीच्या ताटात एक डाव भाजी जास्तच वाढली.