प्रत्यक्ष पाहणी

तिसऱ्या मजल्याच्या उंचीवर जयवंतरावांनी एका गाठीला अंगठा लावून दाबलं, आणि गाठ हलली.

"ही सोडा," ते म्हणाले. "पुन्हा बांधा. सुंभ आधी भिजवून घ्या."

खालून हितेंद्रने मान वर केली. हितेंद्र ठेकेदाराचा सुपरवायझर. ठाकूरद्वारच्या या वाडीतल्या पाच मजली इमारतीला रंग लावायचा होता. बांबूची परांची काल संध्याकाळी बांधून झाली होती, आणि इंजिनियरचा दाखला मिळाल्याशिवाय तिच्यावर रंगारी चढवायचे नाहीत असा नियम होता. सकाळी नऊला पांढरं हेल्मेट आणि प्लास्टिकची फाइल घेतलेला माणूस फाटकातून आत आला, तेव्हा हितेंद्रने खुर्ची पुसून पुढे केली होती. "या साहेब, तुमचीच वाट बघतोय."

जयवंतराव बसले नव्हते. सरळ परांचीकडे गेले होते.

पाहणीच्या फॉर्मवरचा रकाना दोन : उभ्या बांबूंची स्थिती.

चार बांबू चिरलेले निघाले. प्रत्येकावर त्यांनी खडूने फुली मारली.

"एवढं कोण बघतं हो, साहेब?" हितेंद्र ओरडला. "परळच्या साइटला जे यायचे ना, ते टॅक्सीतून खाली पण उतरायचे नाहीत. काचेतून सही. काम एकदम फास्ट."

"मग?"

"मग काय, ती साइट बंद झाली."

"का?"

हितेंद्रने चहावाल्याला हाक मारली.

रकाना तीन : पायाखालच्या फळ्या.

फळ्या नुसत्या ठेवलेल्या होत्या. एकही टोक बांधलेलं नव्हतं. सुंभाचं भेंडोळं घेऊन मयूर नावाचा रंगारी खाली शिडीशी उभा होता.

"साहेब, वर चढलेले इंजिनियर तुम्ही पयलेच," तो म्हणाला. "आणि फळीचं टेन्शन नका घेऊ. आपल्याला सवय आहे. वारा आला की फळीच आपल्याला घट्ट धरते."

जयवंतराव हसले नाहीत. "बेल्ट कुठे आहेत?"

"गोडाऊनमध्ये."

"गोडाऊन पडणार आहे का?"

खाली पुट्टी कालवणारी बाई खो खो हसली. ती दुर्गा, मयूरची बायको. "विचारा, विचारा! माझं तर ऐकतच नाय. म्हणतो, बेल्टने कंबरेला खाज येते."

"तुझं तोंड हाच माझा बेल्ट," मयूर म्हणाला. "सुटतच नाय."

बेल्ट आणले गेले. सहा माणसं, बेल्ट चार.

"चौघंच चढतील," जयवंतराव म्हणाले.

रकाना चार. रकाना पाच. ते फाइल उघडत नव्हते. ओठ हलायचे, मग हात पुढच्या गाठीवर जायचा. दाबायचं, ओढायचं, ऐकायचं. सुंभ करकरला तर ठीक. गप्प राहिला तर सोडा. परांची बांधणाऱ्यांकडून त्यांनी बांबू बदलून घेतले, फळ्या बांधून घेतल्या. ऊन भिंतीवरून खाली सरकलं.

साडेअकराला हितेंद्रचा धीर सुटला.

"साहेब, मालकाचे तीन फोन येऊन गेले. फॉर्म द्या इकडे, मी भरतो. तुम्ही खाली फक्त सही ठोका. ह्यांना चढू दे."

"मी सही करायला आलेलो नाही. बघायला आलोय."

"तेच ते."

"तेच ते नाही."

आवाज चढला नव्हता. तरीही मयूरने शिडीवर ठेवलेला पाय मागे घेतला.

दुर्गाने पाण्याचा तांब्या शिडीवरून वर दिला. मग तिचं लक्ष गेलं.

"साहेब, रक्त येतंय. गुडघ्यातनं."

जयवंतरावांनी खाली पाहिलं. पँट फाटली होती, पोटरीपर्यंत ओघळ वाळला होता. दुसऱ्या कोणाचा तरी पाय बघावा तसा त्यांनी तो बघितला.

"दुखत नाय?"

"नाही."

"घरी कोण बघणारं आहे ना? मुलंबाळं?"

"वरच्या मजल्यावर खिडकीच्या गजाला बांबू बांधलाय," जयवंतराव म्हणाले. "गज गंजलाय. तो सोडायला सांगा."

रिकामा तांब्या घेऊन दुर्गा खाली उतरली, आणि मयूरला बेल्टचा पट्टा आणखी एक भोक आवळायला लावला.

रकाना सात : शेरा.

साडेबाराला शेवटची गाठ करकरली. जयवंतराव खाली आले. हेल्मेट काढलं. डोक्याला त्याची गोल खूण उमटली होती.

"आता चढा," ते म्हणाले.

पहिला मयूर चढला. पहिला मजला, दुसरा, तिसरा. परांची जागची हलली नाही. जयवंतराव मान वर करून उभे होते. मयूरने चौथ्या मजल्यावर बेल्टची कडी अडकवली, तेव्हा कुठे त्यांनी श्वास सोडला.

हितेंद्रचा फोन वाजला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक कागद आला होता. त्याने तो वाचला, मान वर केली, पुन्हा वाचला. रकाने भरलेले, खाली सही, गोल शिक्का, नोंदणी क्रमांक. 'परांचीची प्रत्यक्ष पाहणी केली. सर्व सुरक्षित.' आणि खाली निरोप : 'ट्रॅफिकमध्ये अडकलोय, येणं जमणार नाही. काम सुरू करा.'

"हे इंजिनियरसाहेबांचं आलंय," हितेंद्र सावकाश म्हणाला. "आत्ता. मग तुम्ही कोण?"

जयवंतरावांनी फोन हातात घेतला. खिशातून चष्मा काढून लावला आणि सगळं वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत.

"मी परांच्या बांधायचो," ते म्हणाले. "मागच्या वर्षी असाच कागद आला, म्हणून मी माझ्याच गाठी पुन्हा बघितल्या नाहीत. पहिला चढला तो माझा मुलगा, राहुल."