चौकटीवरची रेघ

ही गोष्ट २०१९ची. अंबरनाथला आमच्या शेजारची शलाका लहानपणी टीव्ही मालिकेत धाकट्या बहिणीचं काम करायची. मालिकावाले दर महिन्याला तिची उंची विचारत. तिची आई संजीवनी तिला माझ्या दाराच्या लाकडी चौकटीला उभी करी आणि मी डोक्यावर पट्टी ठेवून रेघ मारी.

"वाढली नाही ना?" संजीवनी विचारायची.

अकराव्या वर्षी शलाका एकदम वाढली आणि काम सुटलं.

२०१९मध्ये तेवीस वर्षांची शलाका पुन्हा ऑडिशनला निघाली होती. "काकू, उंची मागितलीय. मोजा ना पहिल्यासारखी."

ती माझ्याहून वीतभर उंच, म्हणून मी स्टुलावर चढले. डोक्यावर पट्टी टेकवून रेघ मारली आणि खाली उतरले. ती बाजूला झाली. नवी रेघ माझ्या छातीपाशी होती, तिच्या आठव्या वर्षाच्या रेघेवर.

"काकू, चष्मा लावा. मोठ्या सुनेचं काम आहे, मस्करी नको."

चष्मा लावून तीनदा मोजलं. रेघ तिथेच.

शलाकाला काम मिळालं, धाकट्या बहिणीचं. संजीवनी सोनिवलीला मुलाकडे असते. दर महिन्याला तिचा फोन येतो, "वाढली नाही ना?"

"नाही गं," शलाकाच्या डोक्यावर पट्टी टेकवून मी सांगते.

स्टूल मी केव्हाच देऊन टाकलं.