घरची फेरी

हंगामातली पहिली फेरी घरच्याच माणसाने मारायची, पाहुण्यांनी नंतर, हा बाबांचा नियम. ते बोट चालवायचे आणि मागे पॅराशूटला मी लटकायचे. बाबा गेल्यावर यंदा बोट माझ्या हातात आली आणि लटकायला उरली आई. तीस वर्षं "काही होत नाही हो" म्हणत तिने लोकांना जॅकेटं बांधली, स्वतः मात्र कधी उडाली नाही. "ताई, तुम्ही घाबरलात की काय?" रांगेतल्या टोपीवाल्या आजोबांनी विचारलं. आई म्हणाली, "पोरगी पहिल्यांदाच चालवतेय. तुम्ही आधी जाता?" आजोबा मागे सरले, रांग हसली. आईने बाबांचं जॅकेट घातलं. ढगळ होतं, मी पट्टे शेवटपर्यंत ओढून आवळले. बोट निघाली, पॅराशूट फुगलं आणि आईचे पाय बोटीच्या मागच्या फळीवरून सुटले. "अहो, हळू!" ती सवयीने ओरडली. मी वेग कमी करत बाबांसारखंच म्हणाले, "बरं."