चौथी रकात

रात्रीच्या, इशाच्या नमाजाची वेळ झाली तशी घड्याळजीने डोळ्याचं भिंग काढून ठेवलं, हातपाय धुतले, दाराला कडी घातली आणि घरातच नमाजाची चटई, मुसल्ला अंथरला. पूर्वी मागे बायको उभी असायची. तो रकाती, म्हणजे नमाजाच्या उठण्या-वाकण्याच्या फेऱ्या, मोजण्यात हमखास चुकायचा. नमाजात बोलता येत नाही, म्हणून ती हातावर हात मारून हलकीशी टाळी वाजवायची. मग नंतर हसायची, "जगाची घड्याळं दुरुस्त करता, आणि चार रकाती मोजता येत नाहीत तुम्हाला!"

तिला जाऊन दोन महिने झाले होते.

आज तो तिसऱ्याच रकातीनंतर बसून राहिला. मागे टाळी वाजली.

सवयीने तो उठला. चौथी रकात अर्धी झाली, तेव्हा कुठे त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला.

नमाज मोडायची हिंमत होईना. शेवटी तो बसला. आता सलाम फेरून नमाज संपवायचा; आधी उजवीकडे मान वळवायची, मग डावीकडे. पुढच्याने सलाम फेरल्याशिवाय मागच्याला उठता येत नाही.

तो बसूनच राहिला.

पुन्हा टाळी वाजली, जवळून.

त्याने उजवीकडे मान वळवली. दाराची कडी होती तशीच होती.

डावीकडे वळायचं राहिलं होतं, आणि मुसल्ल्याची त्या बाजूची कड हळूच ताणली गेली, शेजारी कुणी गुडघे टेकावेत तशी.