बायकोच्या आवाजाचं अ‍ॅड-ऑन

सर्वेअरने सकाळी लॅपटॉप उघडला, ‘आज बरं वाटतंय’ एवढं टाइप करून बटण दाबलं आणि आतून कुठल्यातरी परक्याच बाईचा आवाज आला.

त्याने पुन्हा दाबलं. तोच कोरडा, सपाट आवाज. पलंगावर बायको टक्क जागी होती. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

बायको शाळेत शिकवायची. पट्टी न उगारता, नुसत्या आवाजावर अख्खा वर्ग चिडीचूप करणारी. स्नायूंच्या आजाराने आधी तिची जीभ अडखळायला लागली, मग हात जड झाले. बोलणं पुरतं थांबायच्या आत तिच्याच एका जुन्या विद्यार्थ्याने तिचा आवाज रेकॉर्ड करून घेतला. तो आता प्रोग्रॅमर झाला होता. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या एका प्रोग्रॅमला जोडायचं अ‍ॅड-ऑन त्याने बनवून दिलं. जे टाइप होईल ते हुबेहूब बाईंच्या आवाजात.

तिचं एकच बोट चालायचं. एका वाक्याला पाच मिनिटं. फोनवर पलीकडचा माणूस किती वेळ ताटकळणार? म्हणून सर्वेअरच लॅपटॉप मांडीवर घेऊन टाइप करायचा.

“ताई, मी येऊ का गं चार दिवस?” धाकटी बहीण दर रविवारी विचारायची.

“नको गं. मी मजेत आहे. हे सगळं बघतात माझं.”

तो आवाज ऐकला की बहिणीचा जीव भांड्यात पडायचा. दीड वर्षं असं सुरळीत चाललं होतं.

आणि आता सोमवारी प्रोग्रॅम आपोआप अपडेट झाला नि अ‍ॅड-ऑन यादीतूनच गायब. सर्वेअरने जुनी आवृत्ती परत टाकून पाहिली, तेही फसलं. त्याने प्रोग्रॅमरला मेल केला. उत्तर आलं, ‘नव्या आवृत्तीशी जुळत नाहीये. प्रयत्न करतोय.’ शनिवारी दुसरं आलं, ‘जमत नाही. माफ करा.’

रविवारी फोन वाजला.

“भावोजी, ही कोण बोलतेय? ताईला द्या ना.”

“तीच आहे. मशीन बिघडलंय.”

“मग मी येतेच.”

मंगळवारी मेहुणी आली. दुपारभर दार लोटून ताईजवळ बसली. संध्याकाळी तिने गाडी बोलावली. “थोडा हवापालट होईल तिला,” म्हणाली, आणि सर्वेअर काही बोलायच्या आत दोघी निघूनही गेल्या. त्याने केलेले फोन मेहुणी उचलायची, “झोपलीय” म्हणायची आणि ठेवायची. तीन महिन्यांनी मात्र तिनेच फोन केला. ताई गेली होती.

दोन खोल्यांच्या त्या घरात सर्वेअर एकटा उरला. तो आवाज असता तर ती घर सोडून गेलीच नसती, हे त्याच्या मनाने पक्कं घेतलं. कुणाच्या तरी आळसापायी त्याचा संसार मोडला होता.

सर्वेअर जन्मभर जमिनी मोजत आलेला. सूडही त्याने तसाच घेतला, घाई न करता, खुंटी खुंटी ठोकत. प्रोग्रॅमरच्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा पत्ता शोधला. वाचा गेलेल्या माणसांवर उपचार करणारे डॉक्टर, त्यांच्या संस्था, शाळा, सगळ्यांना पत्रं गेली. सोबत बायकोचा फोटो आणि ‘जमत नाही’ची छापील प्रत. ‘हा माणूस आजाऱ्याच्या तोंडातला शब्द काढून घेतो आणि हात झटकतो,’ असं त्याने लिहिलं. ते एकदा वर्तमानपत्रातही छापून आलं.

प्रोग्रॅमरने खुलाशाची एक ओळसुद्धा दिली नाही. त्यामुळे सर्वेअरला आणखीच चेव चढला. प्रोग्रॅमरची कामं बंद पडली. हाताखालचे दोघे सोडून गेले. वर्षभरात ऑफिस बंद करायची पाळी आली.

पाटी उतरली त्या दुपारी सर्वेअर मुद्दाम समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिला. डोळे भरून पाहावं म्हणून. प्रोग्रॅमर खोकी टेम्पोत चढवत होता. त्याने वर पाहिलं, हात पुसले आणि रस्ता ओलांडून आला. पोरगा पार वाळला होता.

“झालं समाधान?” त्याने विचारलं.

“तिला परत बोलतं करशील, तेव्हा होईल.”

“अ‍ॅड-ऑन दोन दिवसांत दुरुस्त झालं होतं.”

सर्वेअरच्या कपाळाची शीर ताडकन उभी राहिली. “मग दिलं का नाहीस, हरामखोरा?”

“बाईंना शब्द दिला होता, कुणाला सांगणार नाही म्हणून.” प्रोग्रॅमरने खिशातून घडी घातलेला कागद काढला. “काल त्यांच्या बहिणीचा फोन आला. म्हणाली, ताईसाठी पुष्कळ सोसलंस, आता दाखव. म्हणून आणलाय. या तीन ओळी लिहायला बाईंना तीन सकाळी लागल्या. तुम्ही आंघोळीला जायचात, तेवढ्याच वेळात लिहायच्या.”

तो टेम्पोकडे परत गेला. सर्वेअरने चष्मा चढवला आणि घडी उलगडली. मेलच्या वरच्या भागात प्रोग्रॅमरचा प्रश्न होता, ‘बाई, दुरुस्त झालंय. पाठवू का?’

खाली उत्तर होतं.

‘पाठवू नकोस.

त्यांना सांग, जमत नाही.

दीड वर्षात त्या आवाजात बोललेला एकही शब्द माझा नव्हता.’