पामचं सुतक

बाबा रोज सकाळी उरलेल्या कमळाच्या चहाने पामचं एकेक पान पुसायचे. ते गेले आणि व्हिएतनाममधल्या ह्वे शहरातल्या आमच्या घरातला तो पाम पिवळा पडत चालला. मी मुळं तपासली, कुंडी खिडकीशी सरकवली. काही फरक पडेना.

न्यान आत्या आली आणि कडाडली, "अरे शहाण्या, मालक गेल्याचं याला सांगितलंस का? अंगणातल्या झाडांना सुतकाची पांढरी पट्टी बांधलीस आणि घरातला हा लाडका विसरलास!"

मी लगेच पट्टी बांधली.

सकाळी पाम ताठ उभा होता. पानं ओलसर होती, त्यांना चहाचा वास येत होता. पट्टी बाबांच्या खुर्चीवर होती, त्यांच्या रुमालासारखी चौकोनी घडी घातलेली.

मी ती पुन्हा बांधायला उचलली, तशी आई हळूच म्हणाली, "राहू दे. त्यांना आवडलेलं दिसत नाही."