कंसातलं नाव

"ताई, शेवटचं एकदा डोळ्यांखालून घाला. मग लगेच पाठवतो," असं म्हणून त्याने शोधलेखाची बारा पानं तिच्यापुढे ठेवली आणि तिथेच टेबलाला टेकून उभा राहिला.

प्रयोगशाळेतलं हे शेंडेफळ येऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. समुद्राकाठच्या एका दगडावरचं शेवाळ खरवडताना त्याला तांदळाच्या दाण्याहून लहान, चपटा कृमी सापडला, आणि तो आजवर जगात कोणी पाहिलेलाच नव्हता. ती एकोणीस वर्षं शेवाळ खरवडत होती. तिला जे जे सापडलं ते आधीच कोणाला तरी सापडलेलं. या कृमीचे केसाहून पातळ काप मात्र तिने केले होते, कारण तसा हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. त्याबद्दल शेवटच्या पानावर आभार होते. बर्फ पुरवणाऱ्याच्या नावाखाली. तिचा नुसता जळफळाट झाला.

सातव्या पानावर ती थांबली. 'पोटाखाली चिकटण्यासाठी वाटी नाही,' असं त्याने लिहिलं होतं. वाटी होती. एकेचाळिसाव्या कापात, दुमडून बसलेली. कृमी नवा होता यात वादच नाही, पण पठ्ठ्याने त्याला वाटी नसलेल्या, भलत्याच घराण्यात दत्तक दिलं होतं.

आत्ता बोललं तर चूक इथेच मिटत होती. नाही बोललं, तर सहा महिन्यांनी तिचा एक पानी लेख: घराणं बदला. मग रीतीप्रमाणे कृमीच्या शास्त्रीय नावापुढे नाव ठेवणारा म्हणून लागणारं याचं नाव कायमचं कंसात. म्हणजे बारसं याने केलं, पण ओळखलं दुसऱ्याच कोणी. हा कंस कोणाचा मामा नसला तरी पोरांना सोडत नाही.

"काही खटकतंय का?" त्याने विचारलं.

तिने पान उलटलं. "एक स्वल्पविराम जास्त झालाय. बाकी ठीक."

"वाटीचं बरोबर आहे ना? मला तिथेच धाकधूक होती."

"बरोबर आहे."

त्याने मोठा श्वास सोडला आणि संगणकापुढे बसला. "खरं सांगू, ताई? तुम्हाला नुसत्या आभारांवर कटवताना मलाच लाज वाटत होती. काप तुमचे, तपासलंतही तुम्हीच." थोडा वेळ कळा टकटकल्या. "झालं! पहिल्या पानावर दोघांची नावं. पाठवलंसुद्धा."

ती उठून पडद्यापाशी गेली. त्याच्या नावाला लागून तिचं नाव होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच.

"परत मागवता येईल का रे?" तिने विचारलं.

तो खळखळून हसला. "पुरे हो, ताई! किती तो विनय!"